घरच्या ध्वनिमुद्रणांतील नकोसा आवाज



हिंजवडी म्हटलें कीं आजकाल ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढें कांचेच्या उंच इमारती आणि मोटारींच्या न संपणाऱ्या रांगा उभ्या राहतात. परंतु हें गांव मुळशी तालुक्यांतलें आहे, आणि मुळशी तालुक्याचें नांव दुसऱ्याच एका कारणानें लोकसाहित्याच्या अभ्यासकांत घेतलें जातें. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर या दोघां अभ्यासकांनीं १९८० नंतरच्या दशकांत पुणें जिल्ह्याच्या या डोंगराळ मुलुखांत हिंडून जात्यावरच्या ओव्या उतरून घेण्यास आरंभ केला. पुढें तें काम महाराष्ट्रभर पसरलें, आणि जमलेल्या ओव्यांची संख्या एक लाखावर गेली. १९९० नंतरच्या दशकांत बर्नार बेल हे संगणकाचे जाणकार त्यांना येऊन मिळाले, आणि पुष्कळशा ओव्या गाणाऱ्या बायकांच्या स्वतःच्या आवाजांत मुद्रित झाल्या. आज त्या संगणकावरून कोणासही ऐकतां येतात.

या कामाची आठवण देण्याचें कारण असें, कीं तेव्हां ज्यासाठीं संशोधकांना यंत्रें घेऊन गांवोगांव जावें लागे, तें आज कोणत्याही सुशिक्षित कुटुंबाला घरबसल्या करतां येण्यासारखें झालें आहे. एक संगणक, एक बरासा मायक्रोफोन, आणि या दोहोंच्या मध्यें बसून आवाजाचे आंकडे करणारी एक वीतभर पेटी, जिला बाजारांत ऑडिओ इंटरफेस म्हणतात, एवढी सामुग्री असली म्हणजे घरांतील वडीलधाऱ्या माणसांच्या ओव्या, आरत्या, अंगाईगीतें आणि जुन्या हकीकती आपण जतन करून ठेवूं शकतों. परंतु पुष्कळांचा अनुभव असा, कीं मुद्रित केलेला आवाज परत ऐकूं लागावें, तों त्याच्या पाठीमागें एक अखंड घूं घूं चाललेली असते. किंवा दूरवर पाऊस पडत असल्यासारखी फुसफुस असते. किंवा मधेंच टक्‌ टक्‌ होतें. हा नकोसा आवाज येतो कोठून, आणि त्याचा माग कसा काढावा, हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

हा विषय केवळ यंत्रांच्या शौकिनांचा आहे, असें कोणी समजूं नये. ८४ वर्षांची म्हातारी चार ओव्या म्हणते आणि दमते. "आजी, पुन्हां म्हण," असें तिला किती वेळां सांगणार? आणि पुन्हां म्हणण्यास ती पुढच्या वर्षीं असेल, याचा भरंवसा कोणीं द्यावा? कापडावर पडलेला डाग धुऊन निघतो; परंतु दुधांत मिसळलेलें पाणी वेगळें काढतां येत नाहीं. मुद्रणांत शिरलेला परका आवाज हा या दुसऱ्या जातीचा आहे. म्हणून तो शिरण्यापूर्वींच त्याची वाट अडविली पाहिजे.

आधीं एका गोष्टीचा निर्णय करावा लागतो. नकोसा आवाज म्हणावयाचें कोणाला? ओवीच्या मागें जात्याची घरघर असते. यंत्राच्या दृष्टीनें पाहिलें, तर गळ्यावर येऊन पडणारा तो एक अडथळाच. परंतु ती घरघर काढून टाकली तर ओवीची लयच गेली, कारण ओवी जात्याच्या फेऱ्याबरोबर चालते. हातांतल्या बांगड्यांची किणकिण, दोन ओळींच्या मध्यें घेतलेला श्वास, हींही त्या गाण्याचींच अंगें आहेत. उलट, स्वयंपाकघरांतल्या फ्रिजच्या घरघरीचा त्या गाण्याशीं कांहींएक संबंध नाहीं. तेव्हां एखाद्या आवाजाच्या मागें लागण्याआधीं, हा येथें घरचा आहे कीं परका, एवढें विचारून घ्यावें.

परके आवाज दोन वाटांनीं येतात. एक हवेची वाट आणि दुसरी तारेची. हवेच्या वाटेनें येणारा आवाज आपल्या कानांनाही ऐकूं येत असतो. फक्त संवयीमुळें आपलें तिकडे लक्ष नसतें. तारेच्या वाटेनें येणारा आवाज खोलींत मुळीं नसतोच. तो विजेच्या रूपानें यंत्रांत शिरतो आणि हेडफोनमध्यें प्रथम जन्म घेतो. या दोहोंतील भेद ओळखण्याची परीक्षा सोपी आहे. इंटरफेसवर आवाज वाढविण्याचें जें बटण असतें, ज्याला गेन म्हणतात, तें शून्यावर आणावें. मायक्रोफोनला पेटींतून ४८ व्होल्टचा पुरवठा चालू असेल, तर तोही बंद करावा. मग मायक्रोफोनची केबल काढून घ्यावी, आणि गेन हळूहळू पहिल्या जागीं नेऊन ऐकावें. आवाज होता तसाच राहिला, तर मायक्रोफोन आणि खोली दोन्ही निर्दोष. दोष पेटींत, संगणकांत किंवा विजेच्या पुरवठ्यांत आहे. आवाज नाहींसा झाला, तर तो खोलींतून, मायक्रोफोनमधून किंवा त्या केबलमधून येत होता. एका मिनिटांत शोधाचें अर्धें क्षेत्र वगळलें गेलें.

आतां तारेच्या वाटेनें येणाऱ्या आवाजांपैकीं सर्वांत सामान्य जो आवाज, त्या घूं घूं चा विचार करूं. आपल्या देशांतील घरगुती वीज सेकंदास ५० आंदोलनें घेते. त्यामुळें विजेच्या तारांकडून आलेला आवाज ५०, १००, १५० अशा आंदोलनांचा असतो. यांतील ५० चा सूर पुरुषी तंबोऱ्याच्या खर्जाहूनही सहसा खालचा असतो. ऑडेसिटीसारखा फुकट मिळणारा प्रोग्राम संगणकावर असला, तर मुद्रित आवाजाचें पृथक्करण करून त्याचा आलेख पाहतां येतो. त्यांत ५०, १०० आणि १५० या आंकड्यांवर उंच सुळके दिसले, म्हणजे चोर विजेच्या घरचा आहे, याबद्दल संशय नको. अमेरिकेंतील वीज ६० आंदोलनांची आहे. म्हणून तिकडच्या पुस्तकांत ६० आणि १२० हे आंकडे आढळतात. आपण त्या जागीं ५० आणि १०० वाचावे.

या घूं घूं चें नेहमींचें कारण म्हणजे अर्थिंगच्या तारांचा पडलेला फेरा. संगणक एका भिंतीवरच्या बोर्डावर असतो, आणि इंटरफेसला जोडलेले स्पीकर दुसऱ्या भिंतीवरच्या. दोघांच्याही अर्थिंगच्या तारा निरनिराळ्या वाटांनीं जमिनीकडे जातात; आणि इकडे दोघांना जोडणारी आवाजाची केबल असतेच. अशा रीतीनें तारेचें एक बंद वर्तुळ तयार होतें. दोन्ही बोर्डांच्या अर्थिंगमध्यें विजेच्या दाबाचा किंचित्‌ जरी फरक असला, तरी या वर्तुळांतून प्रवाह वाहूं लागतो, आणि केबलच्या आवरणांतून जातां जातां तो आपला ५० चा सूर आवाजांत मिसळून देतो.

आमच्या इमारतींत राहणाऱ्या एका तरुण इंजिनियरच्या घरीं हेंच घडत होतें. आजीच्या ओव्या मुद्रित करण्याची त्याला फार हौस. घूं घूं ऐकूं आली तेव्हां त्यानें मायक्रोफोन बदलला. मग केबल बदलली. मग भिंतींना स्पंजाचे तुकडे चिकटविले. घूं घूं होती तशीच. आम्ही दोघे एका संध्याकाळीं शोधास बसलों, आणि लॅपटॉपच्या चार्जरचा प्लग काढून तो बॅटरीवर चालवून पाहिला. घूं घूं तत्क्षणीं थांबली. प्लग परत लावला, तशी ती परत आली. तीन वेळां असें करून खात्री पटल्यावर चार्जर आणि स्पीकर एकाच बोर्डावर आणले. आणि प्रत्यक्ष ओव्या मुद्रित करावयाच्या अर्ध्या तासापुरता लॅपटॉप बॅटरीवरच ठेवला. या उपायाला एक पैही खर्च आला नाहीं. मायक्रोफोन आणि केबल हीं दोन्ही पहिल्यापासून उत्तम होतीं.

येथें मला सर्व श्रोत्यांना एक इशारा द्यावयाचा आहे. तीन पिनांच्या प्लगाची जाड पिन मोडून टाकली कीं घूं घूं जाते, असा सल्ला पुष्कळ जण देतात. ती जाते हें खरें, कारण तो फेरा तुटतो. परंतु ती पिन आवाजासाठीं बसविलेली नाहीं. ती मनुष्याचा प्राण राखण्यासाठीं बसविलेली आहे. यंत्राच्या आंत एखादी तार सुटून धातूच्या आवरणाला लागली, तर २३० व्होल्टचा प्रवाह त्या पिनेवाटे जमिनीकडे धांव घेतो आणि फ्यूज किंवा स्वयंचलित खटका पुरवठा तोडतो. पिन नसली, तर तोच प्रवाह मायक्रोफोन धरलेल्या हातांतून वाट काढील. ओव्या राखावयास निघून आजीचाच जीव धोक्यांत घालणें, हें कोणत्या शहाणपणांत बसतें? फेरा तोडावयाचाच असेल तर तो आवाजाच्या केबलमध्यें तोडावा. त्यासाठीं आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर नांवाची लहानशी डबी बाजारांत मिळते. लॅपटॉपच्या धातूवर बोट फिरवितांना मुंग्या आल्यासारखें वाटत असेल, तर चार्जर दोन पिनांचा आहे किंवा भिंतींतील अर्थिंग नीट नाहीं, असें समजून परवाना असलेल्या वायरमनकडून तपासणी करवून घ्यावी.

फेरा नसतांनाही घूं घूं आली, तर केबलच्या आसपास पाहावें. चार्जरचा चौकोनी ठोकळा, एक्स्टेन्शन बोर्ड, ट्यूबलाइटचा जुना चोक, यांच्याभोंवतीं चुंबकीय क्षेत्र असतें, आणि त्यांतून गेलेल्या केबलमध्यें विजेचा सूर उतरतो. केबल हातभर दूर नेली तरी फरक पडतो. विजेची तार ओलांडावीच लागली तर ती समांतर न नेतां काटकोनांत ओलांडावी. पंख्याचे आणि दिव्यांचे कांहीं इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेची लहर मधेंच कापून वेग किंवा उजेड कमी करतात. त्यांची बोंचणारी झर्र झर्र या वाटेनेंच येते. वीज गेल्यावर लागणारा इन्व्हर्टर जर चौकोनी लहरीचा असेल, तर तोही तसाच आवाज देतो. एकेक खटका बंद करीत गेलें म्हणजे गुन्हेगार आपोआप सांपडतो.

अशा प्रसंगीं तीन तारांची बॅलन्स्ड केबल फार उपयोगी पडते. तिच्यांतील दोन तारांवर एकच आवाज परस्परविरुद्ध दिशांनीं पाठविलेला असतो, आणि पेटी त्या दोहोंतील फरक तेवढा मोजते. तराजूच्या दोन्ही पारड्यांत सारखीच धूळ पडली, तर कांटा हालत नाहीं. त्याचप्रमाणें वाटेंत दोन्ही तारांवर सारखाच चढलेला परका सूर मोजमापांतून गळून पडतो. मायक्रोफोनपासून पेटीपर्यंत अशीच केबल वापरावी.

दुसरा प्रकार फुसफुशीचा. हिची गंमत अशी, कीं ती पूर्णपणें कधींच जात नाहीं. १९२८ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत जॉन्सन आणि नायक्विस्ट यांनीं दाखवून दिलें, कीं कोणत्याही वाहकांत उष्णतेमुळें विद्युत्कणांची जी अखंड चळवळ चाललेली असते, तिचाही एक आवाज असतो. म्हणजे फुसफुशीला एक तळ आहे, आणि त्याखालीं जाण्याचा आग्रह व्यर्थ होय. मात्र बहुतेक घरांत ती या तळाच्या पुष्कळ वर असते, आणि त्याचें कारण गेन अतोनात वाढविलेला असतो. तो कां वाढवावा लागतो? तर मायक्रोफोन तोंडापासून दूर असतो म्हणून. अंतर निम्मे केलें कीं पोंचणाऱ्या आवाजाचा दाब सुमारें दुप्पट होतो. दोन फुटांवरचा मायक्रोफोन अर्ध्या फुटावर आणला, तर आवाज सुमारें चौपट मिळतो आणि गेन तितकाच उतरवितां येतो. श्वासाचा झोत थेट बसूं नये म्हणून मायक्रोफोन तोंडासमोर न ठेवतां किंचित्‌ बाजूला ठेवावा. पैसे देऊन घेतलेल्या पुष्कळ उपायांपेक्षां ही दीड फुटाची हालचाल अधिक गुणकारी आहे.

तिसरा प्रकार बारीक कुईं कुईं चा. माउस हालविला किंवा पडद्यावरचें चित्र सरकलें कीं हिचा सूर बदलतो, यावरून ती संगणकाच्या पोटांतून येते, हें ओळखावें. इंटरफेसची केबल संगणकाच्या दुसऱ्या छिद्रांत घालून पाहावी, मधला हब असल्यास काढून टाकावा, आणि पेटीला स्वतंत्र वीजपुरवठ्याची सोय असल्यास ती वापरावी. चौथा प्रकार टक्‌ टक्‌ चा. हा खरें पाहतां आवाज नव्हेच; ती पडलेली भोंकें आहेत. आंकड्यांचा ओघ संगणकाला वेळेवर उचलतां आला नाहीं, कीं मधले आंकडे गळतात. अशा वेळीं इतर सर्व प्रोग्राम आणि वायफाय बंद करावें, आणि मुद्रणाच्या प्रोग्राममधील बफर नांवाचा आंकडा वाढवावा. आणि मधूनच टिडिक्‌ टिडिक्‌ अशी माळ ऐकूं आली, तर जवळपास कोणाचा तरी मोबाइल आहे, असें निश्चित समजून तो दुसऱ्या खोलींत पाठवावा.

हवेच्या वाटेचे आवाज आमच्या हिंजवडींत विपुल आहेत. कंपन्यांच्या पाळ्या बदलतांना रस्त्यावर होणारी गर्दी, इमारतीचा पाण्याचा पंप, लिफ्ट, वीज गेल्यावर लागणारें जनित्र, यांवर आपली सत्ता चालत नाहीं. परंतु त्यांच्या वेळा टिपून ठेवणें आपल्या हातीं आहे. पंखा आणि फ्रिज अर्धा तास बंद ठेवावा. फ्रिजचा खटका परत लावण्याची आठवण राहावी म्हणून घराची किल्ली फ्रिजमध्यें ठेवण्याची कांहीं जणांची युक्ति उत्तम आहे. रिकाम्या खोलींत आवाज घुमतो, त्याला चिकटविलेल्या स्पंजापेक्षां घरांतील गोधड्या अधिक चांगल्या. दोन दोऱ्या बांधून गाणाराच्या मागें आणि बाजूंस जाड गोधड्या सोडल्या, कीं घुमारा बराच शोषला जातो.

आतांपर्यंत सांगितलेल्या सर्वांचें मर्म एका वाक्यांत आहे: एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. माणूस त्रासला म्हणजे केबल, बोर्ड आणि मायक्रोफोन हीं तिन्ही एकदम बदलतो. आवाज गेला तर कशानें गेला हें कळत नाहीं, आणि तो परत आला म्हणजे शोध पुन्हां पहिल्यापासून. त्यापेक्षां एक वही घ्यावी. एक बदल करावा, ३० सेकंद रिकाम्या खोलीचें मुद्रण करावें, आणि काय ऐकलें तें वहींत लिहावें. मग तो बदल परत फिरवून आवाज परत येतो का, तें पाहावें. जाणें आणि येणें, दोन्ही सिद्ध झालीं तरच कारण सिद्ध झालें.

ही रीत कोठवर नेऊन पोंचविते, याचें एक उदाहरण देतों. १९३० च्या सुमारास त्याच बेल प्रयोगशाळेंतील कार्ल जान्स्की या तरुण इंजिनियरवर, अटलांटिक महासागरापलीकडे चालणाऱ्या बिनतारी टेलिफोनांत जी खरखर येई, तिचा उगम शोधण्याचें काम सोंपविलें होतें. त्यानें चाकांवर फिरणारी एक मोठी अँटेना उभारली आणि दिशा व वेळ टिपीत तो शोध करीत राहिला. जवळच्या गडगडाटी वादळांची खरखर वेगळी निघाली. दूरच्या वादळांची वेगळी निघाली. तरी एक मंद फुसफुस उरलीच. ती दररोज सुमारें ४ मिनिटें लौकर येते, असें त्याच्या नोंदींतून दिसलें. तारेही रोज तितकेच लौकर उगवतात. १९३३ सालीं त्यानें जाहीर केलें, कीं ही फुसफुस आकाशगंगेकडून येते. त्या शोधांतून रेडिओ-ज्योतिषाचें शास्त्र जन्मास आलें. त्या शास्त्राची, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची दुर्बीण आज आपल्याच जिल्ह्यांत, नारायणगांवाजवळ खोडद येथें उभी आहे. आणि ती जागा निवडण्याच्या कारणांत, मनुष्याच्या यंत्रांची विद्युत्‌-खरखर तेथें कमी आहे, हें एक मुख्य कारण होतें. ज्यांना ताऱ्यांचा आवाज ऐकावयाचा, त्यांनाही प्रथम घरचा गोंगाट आवरावा लागतो.

कोणी विचारील, कीं एवढा खटाटोप कशाला? आवाज पुसून टाकणारे प्रोग्राम आतां मिळतात ना? मिळतात, आणि थोडा आवाज ते बरा पुसतातही. त्यांची रीत अशी: रिकाम्या खोलीच्या आवाजाचा नमुना घ्यावयाचा, आणि संपूर्ण मुद्रणांतून तशा आवाजाचा अंश वजा करावयाचा. परंतु म्हाताऱ्या गळ्याचा कंप, ओळीच्या शेवटीं विरत जाणारा श्वास, हेही त्या फुसफुशीच्याच शेजारीं राहतात. पुसणारा हात जड पडला, कीं तेही पुसले जातात, आणि आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. म्हणून मूळ मुद्रण कधींही पुसूं नये. जो प्रयोग करावयाचा तो नकलेवर करावा. मूळ मुद्रण सेकंदास ४८,००० नमुने आणि २४ बिट या मापानें, न दाबलेल्या वेव्ह स्वरूपांत ठेवावें, आणि त्याच्या दोन प्रती दोन ठिकाणीं असाव्या. आजीनें ओवी सुरू करण्यापूर्वीं खोलीची ३० सेकंदांची शांतता मुद्रित करून ठेवावी. पुढें कोणाला शुद्धीकरण करावयाचें झाल्यास ती उपयोगी पडेल.

शेवटीं वेळेविषयीं दोन शब्द. दिवसाच्या २४ तासांत आमच्या हिंजवडीचा रस्ता कधीं निवतो, याची नोंद आम्ही आठवडाभर ठेवली. ती वेळ पहांटे चार ते पांच ही निघाली. लिफ्ट थांबलेली, पंप बंद, रस्ता मोकळा. आमच्या आया आणि आज्या याच वेळीं जात्यावर बसत असत. आपल्या घरीं ओवी येणारें कोणी वडील माणूस असेल, तर ही परीक्षा आजच्या आज करून ठेवा, वायर, बोर्ड, चार्जर सगळें पारखून घ्या, आणि येत्या एखाद्या पहांटे त्यांना फक्त एकदांच गाण्यास सांगा.